कोरी रायफल

स्वस्तात मिळालेल्या वस्तूचे सुख त्या वस्तूपेक्षा मोठे असते. वस्तू एकदाच घरात येते. ती किती स्वस्तात आली हे मात्र माणूस जन्मभर सांगत राहतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एक फेरी मारावी आणि वस्तूंऐवजी माणसांकडे पाहावे. एखादे गृहस्थ पितळी अडकित्ता हातात घेतात, उलटासुलटा करतात आणि 'आपल्याला काही हा घ्यायचा नाही' असा चेहरा करून किंमत विचारतात. विकणाराही 'मला विकायची घाई नाही' असा चेहरा करून ती सांगतो. दोघांनाही एकमेकांचे नाटक ठाऊक असते. शेवटी अडकित्ता पिशवीत जातो, आणि घरी पोचेपर्यंत निदान तिघे तरी ओळखीचे भेटावेत अशी त्या गृहस्थांची मनोमन इच्छा असते.

या सुखाच्याही पायऱ्या आहेत. जुनी, वापरलेली वस्तू स्वस्तात मिळणे ही पहिली पायरी. जुनी असून अजिबात न वापरलेली वस्तू स्वस्तात मिळणे ही सर्वांत वरची. अशा वस्तूसाठी आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे – कोरी. कोरे कापड, कोरी वही, कोरे करकरीत लुगडे. कापडाच्या बाबतीत आपण 'अजून घडी मोडलेली नाही' असेही म्हणतो. मात्र जुनी वस्तू कोरी राहिली की तिच्यामागे काहीतरी राहून गेलेले असते, हे आपल्या लक्षात येत नाही. ट्रंकेच्या तळाशी चाळीस वर्षे घडी न मोडलेला शालू निघाला, तर पाहणारा म्हणतो, "वा, अगदी नवा दिसतो!" तो का नेसला गेला नाही, हे घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईलाच ठाऊक असते.

हे सारे विचार मनात यायला कारण झाली एक रायफल.

माझे मामा पंचवीसएक वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त अमेरिकेत गेले आणि ओहायो राज्यात स्थायिक झाले. जुन्या बाजाराची गोडी त्यांनी पुण्याहून बरोबर नेली. बंद पडलेली घड्याळे, जुने कॅमेरे, टाइपरायटर असा त्यांचा संसार तळघरात मांडलेला आहे. गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांचा फोन आला. आवाजात असा उत्साह होता, की नवे घर घेतले की काय असे आईला वाटले.

"अगं, घबाड मिळालं घबाड!" मामा म्हणाले. मागोमाग छायाचित्रे आली. लाकडी दस्त्याची एक लांब रायफल, आणि तिच्यावर सर्वांगाला चोपडलेले तपकिरी रंगाचे घट्ट ग्रीज. गूळ वितळून पुन्हा थिजावा तसे ते दिसत होते.

"दादा, हे काय आणलंस घरात?" आई एवढेच म्हणाली.

मग मामांनी सविस्तर हकिगत सांगितली. गावाबाहेरच्या एका लहानशा दुकानात ते गेले होते. कोणी म्हातारे गृहस्थ वारले, त्यांच्या मुलांना बापाच्या संग्रहात रस नव्हता, म्हणून त्यांनी सारा माल दुकानदाराकडे विकायला ठेवला होता. त्या गृहस्थांनी ही रायफल वीसएक वर्षांपूर्वी घेतली होती आणि तिच्यावरचे ग्रीजसुद्धा काढले नव्हते. नेहमीचा भाव पाच-सहाशे डॉलरच्या घरात. पण असल्या चिकट वस्तूला कोण हात लावणार, म्हणून किंमत पडलेली. मामांनी अडीचशेत सौदा केला. एक अर्ज भरला, त्यांच्यावर काही गुन्हा नाही ना याची दुकानदाराने सरकारी यंत्रणेकडे चौकशी केली, आणि मामा रायफल घेऊन घरी आले.

आपल्याकडे हे ऐकून कोणीही चकित व्हावे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आपल्याला साध्या बंदुकीच्या परवान्यासाठीसुद्धा कितीतरी खेटे घालावे लागतात. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. लष्करी पद्धतीची अर्धस्वयंचलित रायफल तर सामान्य नागरिकाच्या वाट्याला येतच नाही. अमेरिकेची गोष्ट निराळी आहे. तिथे शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत लिहिलेला आहे.

आपल्या महाविद्यालयातल्या एन.सी.सी.च्या मुलामुलींना रायफल म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी थोडे सांगते. जुन्या 'थ्री नॉट थ्री'मध्ये गोळी झाडली की बोल्ट हाताने मागे ओढून, रिकामे काडतूस बाहेर टाकून, पुढचे काडतूस भरावे लागे. अर्धस्वयंचलित रायफलीत हे काम जळालेल्या दारूचा वायूच करतो. तो नळीतल्या छिद्रातून वर येऊन दट्ट्याला ढकलतो, बोल्ट मागे जातो, रिकामे काडतूस उडून पडते आणि नवे आत बसते. माणसाने फक्त चाप ओढायचा. एकदा ओढला की एक गोळी, पुन्हा ओढला की दुसरी. मामांच्या रायफलीत अशा दहा गोळ्या मावतात. तिचा मूळ आराखडा सर्गेई सिमोनॉव या सोव्हिएत तंत्रज्ञाचा, १९४५ सालचा. दोनच वर्षांनी कलाश्निकॉवची रायफल आली आणि सिमोनॉवची रायफल सोव्हिएत सैन्यात मागे पडली. परंतु ती बनवायला सोपी आणि दणकट, म्हणून इतर अनेक देशांनी ती बनवली. मामांची रायफल त्यांपैकी युगोस्लाव्हियाची, तिथल्या १९६६ च्या सुधारित नमुन्याची. वजन चारएक किलो, पुढे घडी घालता येणारी संगीन, नळीच्या तोंडाशी बॉम्ब फेकण्याची सोय.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. वस्तू कुठून आली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मामांनी रायफलीवरच्या खुणांचे छायाचित्र पाठवले आणि मी त्या गावाच्या शोधाला लागले. गावाचे नाव क्रागुयेवात्स. आज ते सर्बियात आहे. तिथल्या ओतशाळेत १८५३ मध्ये पहिली तोफ ओतली गेली, आणि तेव्हापासून ते गाव शस्त्रांचे गाव झाले. त्या कारखान्याचे पुढचे नाव झास्तावा. झास्तावा म्हणजे ध्वज.

या गावाच्या इतिहासात एक तारीख अशी आहे, की ती वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. २१ ऑक्टोबर १९४१. युगोस्लाव्हिया तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. बंडखोरांनी काही जर्मन सैनिक मारले. जर्मन सेनेचा हुकूम होता, की मेलेल्या एका जर्मन सैनिकामागे शंभर आणि जखमी झालेल्या एकामागे पन्नास माणसे मारायची. हिशेब पुरा करण्यासाठी माणसे कमी पडू लागली, तेव्हा शाळेतली मुले आणि त्यांचे शिक्षक यांनाही नेण्यात आले. अडीच हजारांहून अधिक लोक गोळ्या घालून मारले गेले. ज्या माळावर हे घडले तिथे आता स्मारकांचे मोठे उद्यान आहे. मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे तिथले शिल्प पंख तुटलेल्या पक्ष्यासारखे दिसते.

त्याच गावाने पुढे मामांची रायफल घडवली. ती कोरी का राहिली, याचेही उत्तर मला इतिहासातच मिळाले. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. उद्या आपलीही पाळी येईल असे मार्शल टिटोंना वाटले. टिटो ना मॉस्कोच्या गोटात, ना वॉशिंग्टनच्या. नेहरू आणि नासर यांच्याबरोबर अलिप्ततेची वाट धरणारा हा माणूस; १९६१ ची अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद त्याच्याच राजधानीत, बेलग्रेडला भरली होती. एवढ्याशा देशाने महासत्तेशी लढायचे कसे? त्यावर १९६९ मध्ये तिथे कायदा झाला, की देशरक्षण हे केवळ सैन्याचे काम नाही, सर्व नागरिकांचे आहे. सैन्याखेरीज प्रादेशिक संरक्षण दले उभी राहिली. गावोगावी आणि कारखान्यांमधून शस्त्रांची कोठारे झाली. शत्रू आला की गिरणीतला कामगार, शेतातला शेतकरी, शाळेतला मास्तर यांनी कोठारातून रायफल घ्यायची आणि लढायचे.

अशा तऱ्हेने रायफली बनत राहिल्या, ग्रीजमध्ये बुडवल्या गेल्या आणि कोठारांत जाऊन पडल्या. ग्रीज का, तर या रायफलींच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा नसे. ग्रीज नसते तर गंज चढला असता. चाचणीच्या गोळ्या सोडल्या तर त्यांतल्या कित्येकींनी गोळी पाहिलीच नाही. ज्या शत्रूसाठी त्या ठेवल्या होत्या, तो शत्रू आलाच नाही.

इथवर वाचले तेव्हा मला बरे वाटले. भीतीपोटी जमवलेली शस्त्रे न वापरता राहिली, याहून चांगला शेवट कोणता? पण शेवट तो नव्हता. टिटो १९८० मध्ये गेले. दहा वर्षांत देशाच्या चिरफळ्या उडायला लागल्या. १९९० मध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया इथल्या प्रादेशिक दलांची शस्त्रे सैन्य काढून घेऊ लागले, तेव्हाच पुढचे दिसत होते. १९९१ मध्ये युद्ध पेटले. बाहेरच्या शत्रूसाठी ठेवलेली शस्त्रे शेजाऱ्याने शेजाऱ्यावर रोखली. एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत सारायेव्हो शहराला वेढा पडला होता. एकट्या बोस्नियात सुमारे एक लाख माणसे मेली. एकाच कारखान्यात, एकाच कामगाराने, एकाच दिवशी घडवलेल्या दोन रायफलींपैकी एक बोस्नियाच्या डोंगरात गेली असेल आणि दुसरी ग्रीजमध्ये झोपून राहिली असेल. त्या दोघींत गुणाचा फरक काय? काहीच नाही. एका कोठाराची किल्ली फिरली, दुसऱ्याची फिरली नाही, इतकेच.

उरलेला माल मग विकायला निघाला. देश मोडला की त्याचेही सामान जुन्या बाजारात येते. या शतकाच्या पहिल्या दशकात या रायफली पेट्यापेट्यांनी अमेरिकेत उतरल्या आणि तिथे शंभर-दीडशे डॉलरला मिळू लागल्या. क्रागुयेवात्सच्या स्वस्त मालाची अमेरिकनांना तोवर ओळख झालेलीच होती. तिथल्याच कारखान्याची 'युगो' नावाची मोटार १९८५ मध्ये ३,९९० डॉलरला विकायला आली, आणि तिच्यावर अमेरिकेत विनोदांचा पाऊस पडला. मोटार थट्टेचा विषय झाली. रायफलीची मात्र कोणी थट्टा केली नाही. आणि तो कारखाना १९९९ च्या एप्रिलमध्ये नाटोच्या विमानांनी बॉम्ब टाकून फोडला.

ही सगळी माहिती मी मामांना फोनवर सांगितली. ते गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "बघ, म्हणजे मी अडीचशे डॉलरला एक इतिहासच घेतला की नाही?"

मामांनी दोन शनिवार खपून ते ग्रीज काढले. दस्ता फडक्यात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवला, तेव्हा लाकडात मुरलेले ग्रीज पाझरून बाहेर आले. लोखंडी भाग उकळत्या पाण्यातून काढले. या कामात एक गोष्ट फार जपावी लागते, असे त्यांनी सांगितले. गोळीच्या बुडावर आघात करणारी फायरिंग पिन या रायफलीत मोकळी असते. तिच्याभोवती जुने ग्रीज राहिले तर ती पुढे अडकून बसते, आणि मग चाप न ओढताही गोळ्या एकापाठोपाठ एक सुटू शकतात. ज्या ग्रीजने रायफल इतकी वर्षे राखली, तेच असे उलटते, हे मला फार चमत्कारिक वाटले.

रायफल स्वच्छ झाली तेव्हा मामांपुढे प्रश्न उभा राहिला, की आता ती चालवून पाहायची का? संग्राहकांच्या जगात 'कोरी' या शब्दालाच भाव आहे. एक जरी गोळी झाडली तरी ती कोरी राहत नाही आणि किंमत उतरते. एकीकडे वाटते, हौसेने घेतली आहे तर सरावाच्या मैदानावर नेऊन एकदा तरी आवाज ऐकावा. दुसरीकडे वाटते, पन्नास वर्षे जिची घडी मोडली नाही ती आपण का मोडावी? आईचे मत सरळ होते. "खंडेनवमीला दोन फुलं वाहा आणि ठेवून दे. आपल्यात शस्त्राचा एवढाच उपयोग बरा."

पण खरा प्रश्न मामांनी नाही, माझ्या मामेबहिणीने विचारला. ती तिथेच जन्मली, अकरावीत आहे. बालवर्गापासून तिने एक कवायत केलेली आहे. घंटा झाली की बाईंनी दाराला कुलूप घालायचे, दिवे मालवायचे, आणि मुलांनी दारापासून लांबच्या भिंतीशी चिडीचूप बसायचे. आपल्याकडे आगीची कवायत असते तशी ही बंदूकधारी माणूस शाळेत शिरला तर करायची कवायत. ही भीती पोकळ नाही. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेत वीस लहान मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या युव्हाल्डी गावच्या शाळेत एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका. दोन्ही वेळी हातात अर्धस्वयंचलित रायफलच होती.

मामा तिला समजावत होते. त्या रायफली निराळ्या, त्यांत तीस-तीस गोळ्यांची मॅगझिन्स पटापट बदलता येतात. ही जुनी, लाकडी, दहा गोळ्यांची. ही लोखंडी कपाटात कुलपात राहील. आपण काडतुसे घेतलेलीच नाहीत. ही तर एका मोडलेल्या देशाची आठवण आहे. मामांच्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते.

ती म्हणाली, "बाबा, ती कोरी आहे हे मला कळलं. पण ती कोरीच राहील, हे कोण सांगणार?"

हा संवाद तिने मला मोडक्या मराठीत जसाच्या तसा सांगितला. त्या दिवसापासून मी त्यावर विचार करते आहे. तिला रायफलीचा इतिहास ठाऊक नव्हता. कोठारे, टिटो, सारायेव्हो यांतले काही तिने वाचलेले नव्हते. तरी सारा इतिहास वाचून मला जे उमगले तेच तिने एका वाक्यात विचारले. युगोस्लाव्हियाच्या कोठारवाल्यालाही १९८५ मध्ये कोणी हे विचारले असते, तर त्याने मामांसारखेच उत्तर दिले असते. कुलूप आहे, ग्रीज आहे, शत्रू फार लांब आहे. त्याच्या बोलण्यातही खोटे काही नसते.

वहीचे कोरेपण वहीत असते, लुगड्याचे लुगड्यात असते. रायफलीचे कोरेपण मात्र रायफलीत नसते. ते माणसांत असते, आणि एकदा ठरवून ते संपत नाही. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याने ते रोज नव्याने ठरवावे लागते. त्याच्यामागून ज्याच्याकडे किल्ली जाईल, त्यानेही. म्हातारे गृहस्थ वारले आणि मुलांनी रायफल दुकानात ठेवली, तशी ती मामांच्या नंतरही कुठेतरी जाईलच. लोखंड माणसापेक्षा जास्त टिकते.

आणि स्वस्ताईचे म्हणाल, तर तेही मला आता पूर्वीसारखे वाटत नाही. अडीचशे डॉलर हा मामांनी दिलेला पैसा झाला. बाकीची किंमत इतरांनी आधीच दिलेली होती. शाळेतून नेलेल्या मुलांच्या गावाने पुन्हा तसे होऊ नये म्हणून घाम गाळला, अलिप्त राहू पाहणाऱ्या एका देशाने आपल्या तिजोरीतून पैसा घातला, आणि शेवटी तो देशच उरला नाही म्हणून त्याचा माल पडत्या भावाने निघाला. फार स्वस्तात काही मिळाले की उरलेली रक्कम कोणी भरली, हे विचारण्याची सवय मला लागली आहे. जुन्या बाजारातल्या अडकित्त्यालाही मी आता तोच प्रश्न विचारते.

मामांनी अजून गोळी झाडलेली नाही. त्यांनी बोल्ट काढून वेगळ्या पेटीत ठेवला आहे आणि त्या पेटीची किल्ली मामीकडे दिली आहे. मुलीने त्यावर काही म्हटले नाही, पण तळघरात जायचे ती टाळत असे, ते आता टाळत नाही. येत्या खंडेनवमीला आईच्या सांगण्यावरून मामा तिला फूल वाहणार आहेत. त्या दिवशी आपण विद्यार्थी पाटीपुस्तकांची पूजा करतो आणि दिवसभर त्यांना हात लावत नाही, याचा आपल्याला केवढा आनंद! पुस्तके दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायचीच असतात. रायफलीच्या बाबतीत मात्र तो दुसरा दिवस उजाडू नये, एवढीच त्या पूजेत प्रार्थना असावी.